पस्तिशीतली पेरणी

गेल्या महिन्यात एका मंगल कार्यालयात भरलेल्या करिअर मार्गदर्शन मेळाव्यात श्रोता म्हणून बसण्याचा योग आला. व्यासपीठावर दोन वक्ते होते. पहिल्याने पुण्यातल्या आपल्या कंपनीचे दाखले देत सांगितले की, पदवीला आता कवडीची किंमत उरलेली नाही. हातात कौशल्य असेल तर दहावी नापासालाही नोकरी मिळते. दुसऱ्याने त्याहून चढा आवाज लावला. संगणकाचे काम आता यंत्रच करणार, तेव्हा कौशल्यही नको आणि पदवीही नको, पोरांनी आपला काहीतरी धंदा बघावा, असे त्याचे म्हणणे. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मग मागच्या रांगेतून एक जण उभा राहिला. वय ३४. गणित घेऊन बी.एससी. झालेला, नोकरी मिळेना म्हणून नंतर आयटीआय केलेला, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यात सीएनसी यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणाऱ्या यंत्रावर, ऑपरेटर. पगार २२ हजार. घरी आईवडील, बायको, दोन लेकरे आणि गावाकडे साडेतीन एकर कोरडवाहू रान. त्याने विचारले, ‘मला संगणकाच्या क्षेत्रात जायचे आहे. मी पुन्हा कॉलेजला जाऊ का?’ दोन्ही वक्त्यांनी पुढची वीस मिनिटे एकमेकांना उत्तरे दिली. त्याला उत्तर कोणीच दिले नाही आणि तो खाली बसला.

हा वाद आपल्याकडे नेहमी असाच चालतो. पदवी मेली की जिवंत आहे, संगणकाचे क्षेत्र तेजीत आहे की मंदीत, यावर हिरिरीने बोलले जाते आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्या माणसाचे वय, पगार, रान आणि लेकरे या वादात कुठेच येत नाहीत. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. तिशी-पस्तिशीत या क्षेत्रासाठी पुन्हा विद्यार्थी होण्यात वेडेपणा काही नाही. उलट ज्याच्यामागे ओळख नाही, पैसा नाही आणि शहर नाही, त्याला मान्यताप्राप्त पदवीची गरज इतर कोणाहूनही जास्त आहे. आपली माणसे बुडतात ती चालती मिळकत सोडून, रान विकून, पुण्याला खोली घेऊन शिकायला जाण्याच्या पद्धतीमुळे. ही पद्धत त्यांनी हौसेने निवडलेली नाही. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी कमावत्या माणसाला विद्यार्थी म्हणून कधी डोळ्यांसमोर धरलेच नाही, म्हणून ती त्यांच्या गळ्यात पडली आहे.

समोरच्या बाजूचे जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे, आणि ते थोडेथोडके नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले आणि नवशिक्या प्रोग्रॅमरला पहिली दोन वर्षे जी किरकोळ कामे दिली जात, त्यांतली बरीच यंत्राकडून करून घेता येऊ लागली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या कंपनीचे मनुष्यबळ २०२३-२४ या आर्थिक वर्षात १३ हजारांहून अधिकाने घटले, आणि जुलै २०२५ मध्ये तिने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. ज्या कंपन्यांत पोरगा ‘लागला’ म्हणजे घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब आला असे आपण दोन दशके मानत आलो, त्यांची ही अवस्था आहे. दुसरा मुद्दा आपल्या महाविद्यालयांचा. आजही अनेक ठिकाणी प्रॅक्टिकलला निळ्या पडद्यावरचे टर्बो सी हे प्रोग्रॅम लिहिण्याचे जुनाट सॉफ्टवेअर उघडते आणि प्रोग्रॅम चालला की नाही यापेक्षा तो जर्नलमध्ये पेनाने सुवाच्य उतरवला की नाही याला गुण मिळतात. असल्या पदवीसाठी पस्तिशीतल्या माणसाने दोन वर्षे का घालवावीत, हा प्रश्न रास्तच आहे. तिसरा मुद्दा वयाचा. बँकांच्या आयटी अधिकारी पदाच्या सामाईक परीक्षेला खुल्या गटासाठी वयाची अट ३० वर्षे आहे, आणि मोठ्या सेवा कंपन्या नवीन भरतीत शिक्षणातला खंड मोजतात. म्हणजे नवी पदवी घेतली तरी काही दारे तिच्याने उघडत नाहीत. ती वयाने आधीच बंद केलेली असतात.

हे तिन्ही मुद्दे मला पटतात. तरीही त्यांतून निघणारा ‘तर मग शिकूच नका’ हा निष्कर्ष पटत नाही.

पदवी लागत नाही असे सांगणाऱ्यांकडे बहुधा पदवी असते, ही गोष्ट त्या मेळाव्यात कोणाच्याच लक्षात आली नाही. पुण्यातला वक्ता स्वतः अभियंता होता. कौशल्यावर नोकरी मिळते हे त्याचे म्हणणे खोटे नाही, पण ते कौशल्य दुसऱ्याच्या नजरेस पडावे लागते, आणि ते पडते ओळखीतून. वसतिगृहातला खोलीतला मित्र आज ज्या कंपनीत आहे तो आपला अर्ज आत नेऊन ठेवतो. गंगाखेड किंवा भूम तालुक्यातल्या माणसाचा खोलीतला मित्र शिक्षक असतो, तलाठी असतो, नाहीतर त्याच्यासारखाच बेकार असतो. त्याचा अर्ज पोर्टलवरून जातो आणि पोर्टलवर पहिली चाळणी लागते ती पदवीच्या रकान्याची. चाळणीच्या पलीकडे माणूस बसलेला असेल तर त्याला कौशल्य दाखवता येईल. चाळणीला काय दाखवणार? म्हणून ‘पदवी नको’ हा सल्ला पुण्यात कदाचित योग्य असेल, मराठवाड्यात तो ज्याचे पोट भरले आहे त्याने उपाशी माणसाला दिलेल्या उपवासाच्या उपदेशासारखा आहे.

अर्थात कोणती पदवी कोणते दार उघडते हे नेमके माहीत हवे, आणि इथे आपल्याकडे भयंकर अज्ञान आहे. बँकांच्या त्याच आयटी अधिकारी परीक्षेला चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी किंवा संगणकातली पदव्युत्तर पदवी चालते. पण साध्या पदवीधराने पूर्वीचे डोएक आणि आताचे नायलिट या केंद्र सरकारच्या संगणक शिक्षण संस्थेची ‘बी’ स्तराची परीक्षा दिली असेल तर तेही चालते, हे किती जणांना ठाऊक आहे? नायलिटचे केंद्र छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या आवारातच आहे. राज्याच्या नोकऱ्यांत सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ आहे, म्हणजे चौतीस वर्षांच्या माणसाला ते दार अजून किलकिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की मान्यता असलेल्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या मानल्या जातील, त्यामुळे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून एमसीए, म्हणजे संगणकातली पदव्युत्तर पदवी, करणाऱ्याने स्वतःला दुय्यम समजण्याचे कारण नाही. मात्र अभियांत्रिकीची पदवी पत्राद्वारे मिळते असे कोणी सांगितले तर तिथून उठून जावे. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय वाटलेल्या अशा पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये काय आघात केला, ते त्या पदव्या घेऊन नोकरीत चढलेल्या लोकांना विचारावे.

या ठिकाणी कोणीही जाणता माणूस मला डी.एड.ची आठवण करून देईल, आणि त्याने ती द्यावीच, कारण मी स्वतः त्या लाटेतला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात मराठवाड्यात डी.एड. विद्यालये पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. बारावी झाली की डी.एड., डी.एड. झाले की शिक्षणसेवक, शिक्षणसेवक झाले की लग्न, असा सरळ हिशेब होता. कित्येक बापांनी डोनेशनसाठी रान गहाण टाकले, माझ्या वडिलांनीही टाकले. मग २०१२ मध्ये राज्याने शिक्षक भरती थांबवली, डिसेंबर २०१३ मध्ये पात्रता परीक्षा आली, आणि हातात पदविका घेतलेली हजारो माणसे विनाअनुदानित शाळांत अनुदानाची वाट पाहत बसली. मी सहा वर्षे बसलो. पगारपत्रकावर सही करायची आणि पगार नसायचा, हे ज्याने केले आहे त्याला अधिक सांगायला नको. संगणकाच्या पदवीचेही असेच होणार नाही कशावरून, हा आक्षेप म्हणूनच मला सर्वांत वजनदार वाटतो. त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे, कारण वयाच्या चौतिसाव्या वर्षी एमसीएला प्रवेश घेताना माझ्या बायकोने मला हाच प्रश्न विचारला होता.

मला सापडलेले उत्तर असे. डी.एड.मध्ये आमची चूक शिकण्याची नव्हती, गिऱ्हाईक न मोजण्याची होती. त्या पदविकेला एकच गिऱ्हाईक होते, ते म्हणजे सरकार, आणि त्याने दार लावले की माल मातीमोल. मोंढ्यात एकच आडत्या असेल आणि त्याने त्या दिवशी काटा उचलून ठेवला तर शेतकऱ्याने काय करावे? संगणकाच्या कामाचे तसे नाही. माझ्याच अनुभवाचे सांगायचे तर आज मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयाची बिले, औषधसाठा आणि विमा योजनांची कागदपत्रे सांभाळणाऱ्या प्रणालीवर काम करतो. याच कामाला उद्या पतसंस्था आहे, साखर कारखाना आहे, जिनिंग आहे, बियाणे कंपनी आहे. बेंगळुरूच्या कंपनीने माणसे कमी केली म्हणून जालन्याच्या बियाणे कंपनीला गोदामाचा हिशेब नकोसा होत नाही. मात्र एक धडा डी.एड.ने कायमचा दिला: सगळे जिकडे पळत आहेत म्हणून पळू नये. आज गावोगाव ‘डेटा सायन्स, शंभर टक्के नोकरी’ असे फलक लागले आहेत, त्यांत मला पंधरा वर्षांपूर्वीचे डी.एड.चे फलकच दिसतात. फक्त फ्लेक्सची छपाई सुधारली आहे. अशाच एका खासगी क्लासला मीही एमसीएच्या आधी ६० हजार रुपये दिले होते. नोकरीची हमी होती, ती देणारे कार्यालय आठव्या महिन्यात रिकामे झाले.

आता यंत्राच्या भीतीकडे येऊ. आपला मराठवाडा ज्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तिथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले तेही उर्दू माध्यमाचे. माझे आजोबा तहसिलीत कारकून होते. घरात मराठी बोलणारा आणि कचेरीत उर्दू लिहिणारा असा तो माणूस. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि ज्या अक्षरावर आजोबांचे पोट होते ते अक्षरच कचेरीतून गेले. चाळिशीच्या आसपास त्यांना मराठी टिपण लिहायला शिकावे लागले. त्या पिढीतल्या कित्येक कारकुनांना आणि वकिलांना शिकावे लागले. पण आजोबा सांगत ती गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: लिपी बदलली, जमाबंदी बदलली नाही. कोणत्या मिसलीत, म्हणजे कचेरीच्या फायलीत, काय दडलेले आहे हे ज्याला कळत होते तो टिकला. ज्याला फक्त वळणदार उर्दू येत होती तो मागे पडला. पुढे सातबारा संगणकावर आला तेव्हाही असेच झाले. हस्तलिखित उतारा गेला, ई-फेरफार आला, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. नुसती नक्कल उतरवणाऱ्याचे काम संपले, पण वारस नोंद कुठे अडते आणि का अडते हे जाणणाऱ्याच्या दारातली गर्दी कमी झाली का?

यंत्र आज कोड लिहिते हे खरे, पण काय लिहायचे हे त्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि लिहिलेले चुकले आहे हे ओळखावे लागते. इथे तो वाळूजचा ऑपरेटर बावीस वर्षांच्या ताज्या पदवीधरापेक्षा मागे आहे असे मला वाटत नाही. तो रोज जी-कोड, म्हणजे यंत्राला दिलेले लेखी हुकूम, वाचतो. यंत्राला अक्ष कळतात, वेग कळतो, टूल झिजले की किती मायक्रॉनचा फरक भरून काढायचा हे त्याच्या बोटांना कळते. आठ तासांत किती नग झाले, किती नाकारले गेले आणि ते का नाकारले गेले, हा हिशेब तो आजही वहीत ठेवतो. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला तेव्हापासून त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांचे जे जाळे तयार झाले, त्यांत आजही उत्पादनाची कितीतरी माहिती अशी वह्यांत पडून आहे. ती यंत्रातून थेट उचलून मालकासमोर मांडणारा माणूस त्यांना हवा आहे, आणि त्या माणसाला शॉपफ्लोअरवर तेलाचा वास येतो म्हणून नाक दाबून चालणार नाही. तेव्हा त्याने बेंगळुरूच्या कंपनीत नवशिका म्हणून रांगेत उभे राहण्यासाठी शिकायचे नाही. जे त्याला येते त्याच्या शेजारचे जे येत नाही, ते त्याने शिकायचे आहे: डेटाबेस, थोडे नेटवर्क, पायथॉन ही प्रोग्रॅमची भाषा, संख्याशास्त्र. या शिक्षणाला वय आडवे येत नाही. इथे वय म्हणजे अनुभव.

वयाच्या लाजेबद्दल मात्र थोडे बोलले पाहिजे, कारण ती खरी असते. आपल्या पोराच्या वयाच्या पोरांत बाकावर बसायचे म्हणजे पाय जड होतात. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची मडकी थापटून पाहिली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. नामदेव तोवर नावाजलेले होते, विठ्ठल त्यांच्या हातचे जेवतो अशी ख्याती होती. रुसून बसता आले असते. कथा सांगते की ते औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांपुढे जाऊन बसले. तेर आणि औंढा दोन्ही आपल्याच मुलखातले, तरीही चाळिशीतला विद्यार्थी आपल्याला हास्यास्पद वाटतो.

सगळ्यांत महागात पडते ते मिळकत सोडणे, आणि हा हिशेब मांडल्यावाचून कोणी कोणाला सल्ला देऊ नये. त्या ऑपरेटरने २२ हजारांची नोकरी सोडून दोन वर्षे पुण्यात एमसीए केले असे धरू. बुडालेला पगार ५ लाख २८ हजार. खोली आणि खाणावळ महिना १० हजार धरली तर २ लाख ४० हजार. फी दीड लाख. एकूण ९ लाख १८ हजार, आणि त्यात गहाण रानावरचे व्याज धरलेले नाही. पुढे त्याला ३५ हजारांची नोकरी लागली असे मानले, तर दरमहा १३ हजार जास्त मिळून हा खर्च निघायला जवळपास ६ वर्षे लागतील, म्हणजे तो बेचाळिशीला पोहोचेल. आता तोच माणूस नोकरीत राहून, दोनऐवजी तीन वर्षे लावून शिकला असे धरा. फी तीच दीड लाख. एक वर्ष उशीर झाल्याने हुकलेले जास्तीचे पैसे १ लाख ५६ हजार. दोन्ही मिळून ३ लाख ६ हजार, आणि ते दोन वर्षांच्या आत वसूल. नोकरी लागलीच नाही तर? पहिल्या मार्गात रान गेले. दुसऱ्या मार्गात झोप गेली. फरक एवढा उघड असताना आपण तरुणांना ‘झोकून द्या’ असे कोणत्या तोंडाने सांगतो?

झोकून देण्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण हटकून दिले जाते, आणि ते माझ्या म्हणण्यावरचे सर्वांत कठीण उत्तर आहे. बाबासाहेबांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातली प्राध्यापकी सोडली आणि १९२० मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. घरी रमाबाईंनी जे सोसले ते आपल्याला माहीत आहे. पण या उदाहरणाचे तपशील पाहा. कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण आधीच झालेले होते. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने लंडन सोडावे लागले तेव्हा परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची मुदतीची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती. प्राध्यापकीच्या पगारातून त्यांनी पै-पै साठवली, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज उभे केले. म्हणजे क्षमता सिद्ध झालेली, मुक्काम ठरलेला, पैशाची तजवीज केलेली. १९२१ मध्ये एम.एससी. आणि १९२३ मध्ये डी.एससी. त्यांनी मिळवली. आणि लंडनमधला हा अपुरा अभ्यास मुंबईत राहून पुरा होणारा नव्हता. माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचे ते पुढे आहे. ज्याला स्वतःला नोकरी सोडून जावे लागले, त्या माणसाने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी ठेवले, आणि १९५० मध्ये उच्च शिक्षणाची जवळजवळ वानवा असलेल्या मराठवाड्यात, औरंगाबादला, महाविद्यालय आणले. आपण त्यांच्या लंडनच्या बोटीचे दाखले देतो आणि त्यांनी लावलेले सकाळचे वेळापत्रक विसरतो.

निर्णयाआधी स्वतःची परीक्षा कशी घ्यावी, हे आपल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्याआधी तो शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि मोड आलेले मोजतो. सत्तरच्या वर आले तर बियाणे चालते. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असे कृषी विद्यापीठ दर जूनमध्ये सांगते, आणि न ऐकणारे दुबार पेरणीच्या खाईत जातात. मग रानाला लावतो तो न्याय माणूस स्वतःच्या आयुष्याला का लावत नाही? नोकरी न सोडता सहा महिने, रोज एक तास. आयआयटींचे एनपीटीईएल २००३ पासून आणि सरकारचे स्वयम् २०१७ पासून फुकट व्याख्याने देत आहेत. परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा जो पदवी अभ्यासक्रम सुरू केला त्याला जेईई लागत नाही आणि वयाची अट नाही. आधी चार आठवडे शिकवतात, मग पात्रता परीक्षा घेतात. मध्येच थांबले तरी टप्प्यानुसार प्रमाणपत्र किंवा पदविका हाती राहते. उगवण मोजण्याची इतकी स्वस्त सोय माझ्या वेळी नव्हती. सहा महिन्यांत कंटाळा आला, वही उघडावीशी वाटेना, तर कळले. त्यात काही लाजिरवाणे नाही आणि रान शाबूत आहे. टर्बो सीवर थांबलेल्या महाविद्यालयाच्या आक्षेपालाही याच सहा महिन्यांत निम्मे उत्तर मिळते, कारण जो स्वतः शिकून वर्गात येतो त्याला निळा पडदा अडवत नाही. तो तिथून पदवी घेतो आणि विद्या दुसरीकडून.

पण उरलेले निम्मे उत्तर एकट्या माणसाच्या हातात नाही. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये मिळाले, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये, नांदेडचे विद्यापीठ १९९४ मध्ये. मधल्या काळात १९७४ च्या विकास आंदोलनात याच भागातली पोरे रस्त्यावर उतरली होती. संस्था आपण भांडून मिळवल्या, पण त्यांच्या दाराच्या वेळेसाठी कधी भांडलो नाही. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याला माणसे तीन पाळ्यांत काम करतात आणि त्यांच्या शेजारची महाविद्यालये एकाच पाळीत चालतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळी अभियांत्रिकीच्या स्वतंत्र तुकड्या चालवायला मुभा दिली आहे. रिकाम्या जागांची रड दर प्रवेशफेरीनंतर ऐकू येते. संध्याकाळी सहा ते नऊ वर्ग भरवले तर त्या जागांवर बसायला माणसे कारखान्याच्या गेटवर उभी आहेत. लग्नानंतर शिक्षण तुटलेल्या बाईचा विचार केला तर ही मागणी आणखी निकडीची होते. तिला पुण्याला खोली घेऊन राहा असे कोणी म्हणत नाही, म्हणू दिले जात नाही. तिच्यासाठी तालुक्याच्या गावातला दुपारचा वर्ग हाच शिक्षणाचा एकमेव खरा मार्ग असतो, आणि तो वर्ग नसला की तिच्या बाबतीत पदवी हवी की नको हा सगळा वादच निरर्थक ठरतो.

मेळावा संपल्यावर मी त्या ऑपरेटरला बाहेर चहाच्या टपरीवर गाठले आणि हे सगळे, इतके लांबण न लावता, सांगितले. त्याने त्या आठवड्यापासून पायथॉनची व्याख्याने ऐकायला सुरुवात केली आहे. दुसरी पाळी सुटल्यावर रात्री साडेबारा ते दीड. परवा त्याचा फोन आला. सहा महिन्यांनी एमसीएला बसायचे झाले तर शहरात संध्याकाळचा वर्ग कुठे मिळेल, ते सर तुम्ही विचारून द्याल का, असे म्हणाला. मी एका महाविद्यालयात फोन लावला. पलीकडच्या कारकुनाने प्रश्न दोनदा ऐकून घेतला. मग म्हणाला, ‘साहेब, पाचला आम्ही गेटला कुलूप लावतो.’